लिनक्सची निवड कशी करावी? चेन्नईतील तीन अनुभव

चेन्नई शहराच्या जुन्या वस्तीला जॉर्ज टाउन म्हणतात. ब्रिटिश अमदानीत 'ब्लॅक टाउन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागाला १९११ मध्ये राजे पंचम जॉर्ज यांच्यावरून नवे नाव मिळाले. वस्तीच्या दक्षिण कडेला, एनएससी बोस मार्गालगत, मद्रास उच्च न्यायालयाची १८९२ मध्ये पूर्ण झालेली तांबडी वास्तू उभी आहे. शहर दिवाणी न्यायालय आणि लघुवाद न्यायालयही याच आवारात भरते. दाव्यांच्या कागदांचे गठ्ठे, काळे कोट घातलेल्या वकिलांची वर्दळ आणि पुकाऱ्याची वाट पाहणारे पक्षकार हे येथील रोजचे दृश्य. लिनक्स या संगणक प्रणालीचा विचार करताना हे ठिकाण सहसा कुणाच्या डोळ्यांसमोर येणार नाही.

प्रत्यक्षात लिनक्सशी सामान्य कामकाजाची ओळख करून देणारा देशातील एक मोठा प्रयोग अशाच न्यायालयांत झाला. ई-न्यायालय प्रकल्पाच्या २००७ ते २०१५ या पहिल्या टप्प्यात देशभरातील १४ हजारांहून अधिक न्यायिक अधिकाऱ्यांना लॅपटॉप देण्यात आले आणि 'उबुंटू' या लिनक्सच्या एका प्रकाराचे प्रशिक्षण देण्यात आले. चार हजारांहून अधिक न्यायालयीन कर्मचाऱ्यांनाही यंत्रणा सांभाळण्याचे शिक्षण मिळाले. यांपैकी बहुतेकांचा संगणकशास्त्राशी काही संबंध नव्हता.

लिनक्स वापरू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की शेकडो प्रकारांपैकी कोणता घ्यावा? चेन्नई शहराने या प्रश्नाची तीन वेगवेगळी उत्तरे पाहिली आहेत. राज्य शासनाच्या एका महामंडळाने एक प्रकार निवडला, केंद्राच्या संशोधन संस्थेने दुसरा स्वतःच घडवला, तर न्यायालयांत तिसरा आला. या तिन्ही अनुभवांकडे एकत्र पाहिले, तर 'सर्वांत चांगले लिनक्स कोणते' या प्रश्नापेक्षा 'त्याची देखभाल कोण करणार, किती वर्षे करणार आणि अडल्यावर विचारायचे कुणाला' हा प्रश्न अधिक मोलाचा असल्याचे दिसून येते.

हा प्रश्न आता घराघरांतही आला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी ठरावीक प्रोसेसर आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षा सुविधा आवश्यक असल्याने धडधाकट चालणारे अनेक जुने संगणक त्या कसोटीत बसत नाहीत. असे यंत्र भंगारात द्यावे, धोका पत्करून तसेच वापरावे, की त्यावर लिनक्स बसवावे, हा निर्णय अनेक कुटुंबांना आणि छोट्या कार्यालयांना घ्यावा लागत आहे.

वितरण म्हणजे काय?

फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये 'लिनक्स' लिहिले, तेव्हा ते पूर्ण संगणक प्रणालीचे केवळ अंतरंग होते. या अंतरंगाला 'कर्नेल' म्हणतात. प्रोसेसर, स्मृती, डिस्क आणि छपाई यंत्र यांच्याकडून काम करून घेणे ही कर्नेलची जबाबदारी. पण नुसत्या कर्नेलवर पत्र लिहिता येत नाही की छायाचित्र पाहता येत नाही. त्यासाठी ग्नू प्रकल्पातील साधने, पडद्यावरील खिडक्या आणि चित्रे, टंक, कार्यालयीन कामाच्या आज्ञावली आणि नव्या आज्ञावली बसवण्याची व्यवस्था, असे बरेच काही लागते.

हे सारे एकत्र बांधून, तपासून आणि वेळोवेळी दुरुस्त करून जो संच लोकांना दिला जातो, त्याला 'डिस्ट्रिब्युशन' म्हणजे वितरण म्हणतात. वापरणारे त्याला थोडक्यात 'डिस्ट्रो' म्हणतात. पीठ एकच, पण कुणी त्याची भाकरी थापते, कुणी थालीपीठ लावते, तसाच हा प्रकार आहे.

आज ज्ञात असलेली बहुतेक वितरणे काही मोजक्या घराण्यांतून आली आहेत. स्लॅकवेअर आणि डेबियन यांचा आरंभ १९९३ मधला. त्याच सुमारास रेड हॅट आणि जर्मनीतील सुसे यांचीही वितरणे आली. २००२ मध्ये आर्च, २००३ मध्ये रेड हॅटच्या पाठबळावर फेडोरा, २००४ मध्ये डेबियनवर आधारलेले उबुंटू आणि २००६ मध्ये उबुंटूवर आधारलेले लिनक्स मिंट आले. नावे वेगळी असली तरी एका घराण्यातील वितरणांत आज्ञावली बसवण्याची पद्धत, फायलींची रचना आणि मदतपुस्तिका बऱ्याच सारख्या असतात. म्हणून मिंटवर शिकलेली गोष्ट डेबियनवर वाया जात नाही.

पहिला अनुभव: एल्कॉट आणि सुसे

इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ तमिळनाडू, म्हणजेच 'एल्कॉट', ही तमिळनाडू शासनाची कंपनी आहे. शासकीय खात्यांसाठी आणि शाळांसाठी संगणकांची खरेदी तिच्यामार्फत होते. २००६-०७ च्या सुमारास भारतीय प्रशासन सेवेतील सी. उमाशंकर हे व्यवस्थापकीय संचालक असताना एल्कॉटने आपल्या कार्यालयातील संगणकांवर सुसे लिनक्स आणि ओपनऑफिस आणण्याचा निर्णय घेतला. पुढे शाळांसाठी घेतलेल्या संगणकांतही लिनक्सला स्थान मिळाले.

या निर्णयामागे परवाना शुल्कातील बचत हे एक कारण होते, तसेच विषाणूंचा उपद्रव हेही. हजारो संगणकांची खरेदी करणाऱ्या संस्थेसाठी प्रत्येक यंत्रामागे वाचणारी रक्कम लहान नसते. पण लिनक्स फुकट मिळते म्हणून ते बिनखर्चाचे ठरत नाही. कर्मचाऱ्यांना शिकवणे, जुनी कागदपत्रे नव्या प्रणालीत नीट उघडतात की नाही हे पाहणे आणि अडचण आल्यास कुणीतरी धावून येणे, यांवर वेळ व पैसा खर्च होतोच. सुसेमागे एक कंपनी उभी होती आणि संस्थांना करार करून तिच्याकडून मदत घेता येत होती.

कंपनीच्या आधाराची दुसरी बाजूही सुसेच्या इतिहासात दिसते. ही कंपनी २००४ मध्ये नोव्हेलकडे गेली, २०११ मध्ये अटॅचमेटकडे, २०१४ मध्ये मायक्रो फोकसकडे आणि २०१९ मध्ये इक्यूटी या गुंतवणूक संस्थेकडे. मालक बदलत राहिले तरी वितरण टिकले, कारण त्याचा स्रोत खुला होता आणि ग्राहकही होते. मात्र दीर्घकाळासाठी निवड करणाऱ्याने नुसते पडद्यावरचे रूप पाहून भागत नाही, त्यामागे कोण उभे आहे हेही पाहावे लागते, हा धडा त्यातून मिळतो.

दुसरा अनुभव: सी-डॅकचे 'बॉस'

२००५ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान विभागाने चेन्नईत मुक्त स्रोत आज्ञावलींसाठी राष्ट्रीय संसाधन केंद्र स्थापन केले. सी-डॅकची चेन्नई शाखा आणि अण्णा विद्यापीठातील एयू-केबीसी संशोधन केंद्र यांनी ते मिळून चालवले. सी-डॅक म्हणजे पुण्यात मुख्यालय असलेली प्रगत संगणन विकास संस्था. या उपक्रमातून 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्युशन्स', अर्थात 'बॉस' हे वितरण तयार झाले. त्याची 'तरंग' ही आवृत्ती २००७ मध्ये आली.

बॉस शून्यातून लिहिलेले नाही. त्याचा पाया डेबियनचा आहे. डेबियन हा जगभरातील स्वयंसेवकांचा प्रकल्प असून तो कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नाही. सी-डॅकने त्यावर भारतीय भाषांची सोय, शासकीय कामाला लागणारी साधने आणि शाळांसाठी 'एज्युबॉस' हा वेगळा संच अशी भर घातली. मराठीसह अनेक भारतीय भाषांत टंकलेखन आणि दर्शनी मजकूर मिळावा, हा त्यामागील मुख्य हेतू होता.

१५ सप्टेंबर २०११ रोजी तमिळनाडूत विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप देण्याची योजना सुरू झाली. या लॅपटॉपांत विंडोजबरोबर बॉसही बसवलेले होते. लाखो विद्यार्थ्यांच्या हाती एकाच वेळी लिनक्स पोहोचवणारी ही योजना होती. पुढे ८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्सपीची देखभाल संपणार असल्याने राज्य शासनाने आपल्या खात्यांना बॉसकडे वळण्याची सूचना केली.

येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. यंत्रात लिनक्स असणे आणि लिनक्स शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्र सुरू करताना दोन पर्याय समोर येत असतील, तर माणूस सवयीचा पर्याय निवडतो. शेजारी, शिक्षक आणि संगणक दुकानदार ज्या प्रणालीशी परिचित असतात, तिच्याकडेच नवा वापरकर्ता ओढला जातो. वितरण पोहोचवले आणि ते वापरण्याचे कारण किंवा शिकवणारा माणूस दिला नाही, तर ते डिस्कच्या एका कोपऱ्यात पडून राहते.

केरळमध्ये याच्या उलट मार्ग दिसला. तेथील शाळांत 'आयटी ॲट स्कूल' या उपक्रमाने अभ्यासक्रम, पाठ्यपुस्तके आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांची लिनक्सशी सांगड घातली. त्याचीच उत्तराधिकारी असलेली 'काइट' ही संस्था उबुंटूवर आधारलेले स्वतःचे वितरण शाळांना पुरवते. पुस्तकातील धडा आणि समोरचा पडदा एकच असल्याने तेथे लिनक्स वेगळे शिकवावे लागत नाही. ते इतर विषय शिकता शिकता अंगवळणी पडते.

तिसरा अनुभव: न्यायालयांतील उबुंटू

तिसरा निर्णय चेन्नईत झाला नाही. तो सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीचा होता आणि जॉर्ज टाउनलगतच्या न्यायालयांपासून महाराष्ट्रातील तालुका न्यायालयांपर्यंत सर्वत्र लागू झाला. न्यायव्यवस्थेच्या गरजेनुसार उबुंटूचे रूपांतर करण्यात आले. खटल्यांची नोंद ठेवणारी 'केस इन्फर्मेशन सिस्टीम' ही मुक्त स्रोतावर आधारलेली आज्ञावली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातील पथकाने विकसित केली. चेन्नईच्या दिवाणी न्यायालयातील पुढील तारीख आणि सातारा किंवा नांदेडच्या न्यायालयातील पुढील तारीख नागरिकाला एकाच पद्धतीने पाहता येते, त्यामागे ही व्यवस्था आहे.

येथील प्रशिक्षणाची पद्धत विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. न्यायिक अधिकाऱ्यांतूनच काहींना प्रशिक्षक म्हणून तयार करण्यात आले आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवले. निकालपत्र लिहिताना कोणती अडचण येते, हे न्यायाधीशाला दुसऱ्या न्यायाधीशाकडून शिकताना वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शिकण्याचा विषय 'लिनक्स' नसून 'आपले रोजचे काम' हा होता. लिबरऑफिसमध्ये निकालपत्र लिहिणे, फाइल जपून ठेवणे, ती दुसऱ्या यंत्रावर नेणे, अशी ती छोटी छोटी कामे.

उबुंटूच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे ठरलेले वेळापत्रक. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षे सुरक्षा सुधारणा मिळतात. आवृत्तीच्या क्रमांकातच वर्ष आणि महिना असतो. १४.०४ ही आवृत्ती एप्रिल २०१४ ची, तर २४.०४ ही एप्रिल २०२४ ची. एखादे यंत्र केव्हा अद्ययावत करावे लागेल, हे खरेदीच्या दिवशीच सांगता येते. हजारो ठिकाणी पसरलेल्या व्यवस्थेला हा अंदाज फार उपयोगी पडतो.

आश्वासन मोडते तेव्हा

देखभालीचा प्रश्न किती गंभीर ठरू शकतो, याचे उदाहरण 'सेंटओएस' या वितरणाने दिले. रेड हॅटच्या व्यावसायिक वितरणाची ही विनाशुल्क प्रतिकृती २००४ पासून जगभरातील सर्व्हरवर वापरली जात होती. विद्यापीठे, संशोधन संस्था आणि छोट्या कंपन्या तिच्यावर विसंबून होत्या. आठव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुधारणा मिळतील, अशी अपेक्षा होती. मात्र ती २०२१ च्या अखेरीस बंद होईल, असे डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाले आणि तसेच घडले. सातव्या आवृत्तीची मुदतही ३० जून २०२४ रोजी संपली.

विसंबून असलेल्यांची धावपळ झाली. पण मुक्त स्रोताचे बळही याच वेळी दिसले. मूळ स्रोत उपलब्ध असल्याने २०२१ मध्येच 'अल्मालिनक्स' आणि 'रॉकी लिनक्स' ही दोन पर्यायी वितरणे उभी राहिली आणि अनेकांना आपले काम फारसे न बदलता तिकडे जाता आले. बंद प्रणालीचा निर्माता देखभाल थांबवतो, तेव्हा वापरणाऱ्यांना असा मार्ग उरत नाही.

घरासाठी निवड करताना

संस्थांचे हे अनुभव घरच्या संगणकासाठीही उपयोगी आहेत. निवडीपूर्वी चार प्रश्नांची उत्तरे शोधावीत.

पहिला प्रश्न यंत्राचा. आठ जीबी स्मृती असलेल्या संगणकावर उबुंटू, फेडोरा, डेबियन किंवा मिंट यांपैकी काहीही सुरळीत चालते. दोन ते चार जीबी स्मृतीच्या यंत्रावर हलका दर्शनी भाग असलेले वितरण घ्यावे. मिंटची 'एक्सएफसीई' आवृत्ती, झुबुंटू किंवा लुबुंटू हे असे पर्याय आहेत. फार जुन्या, ३२ बिटच्या संगणकांसाठी मात्र पर्याय झपाट्याने कमी होत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये अशा यंत्रांवर थेट बसवता येणारा संचही मिळत नाही.

दुसरा प्रश्न मुदतीचा. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला साधारण तीन वर्षे पूर्ण आणि त्यानंतर दोन वर्षे मर्यादित देखभाल मिळते. फेडोराची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि सुमारे १३ महिने सांभाळली जाते. नवे तंत्रज्ञान लवकर हवे असणाऱ्याला फेडोरा आवडते. पाच वर्षे काही बदलू नये, असे वाटणाऱ्याने डेबियन किंवा उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घ्यावी. आर्चमध्ये आवृत्त्या नसतातच, सुधारणा सतत येत राहतात. ती बसवताना बरीच कामे स्वतः करावी लागतात, त्यामुळे शिकण्याची हौस असणाऱ्यांना ती भावते आणि घाईत असणाऱ्यांना जाचते.

तिसरा प्रश्न कामाचा. टॅलीसारखी हिशेबाची आज्ञावली विंडोजसाठी बनवलेली आहे. डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, विशिष्ट स्कॅनर किंवा एखाद्या परीक्षेची आज्ञावली लिनक्सवर चालते की नाही, हे आधी तपासावे. जे काम अडून चालणार नाही, त्यासाठी विंडोज राहू देणे हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

चौथा प्रश्न माणसांचा. शेजारी, महाविद्यालयात किंवा कार्यालयात कोणी जे वितरण वापरत असेल, तेच नवख्याने घ्यावे. अडचण आल्यावर शेजारच्या माणसाने पाच मिनिटांत दाखवलेली गोष्ट एकट्याने शोधण्यात दिवस जातो. चेन्नईत लिनक्स वापरणाऱ्यांचा जुना गट आहे आणि त्याच्या मासिक बैठका आयआयटी मद्रासमध्ये भरत आल्या आहेत. इतर शहरांतही असे गट उभे राहिले, ते याच गरजेतून.

वितरण बसवण्याआधी ते वापरून पाहता येते, ही लिनक्सची मोठी सोय आहे. वितरणाची फाइल पेन ड्राइव्हवर योग्य पद्धतीने उतरवून संगणक त्यावरून सुरू केला, की डिस्कला हात न लावता सारे पाहता येते. ध्वनी, वाय-फाय, छपाई यंत्र आणि मराठी कळफलक चालतो का, हे तेव्हाच पाहून घ्यावे. प्रत्यक्ष बसवण्यापूर्वी महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी आणि ती उघडते की नाही हे दुसऱ्या यंत्रावर तपासावे. डिस्कचे विभाग करताना झालेली एक चूक वर्षांची छायाचित्रे पुसून टाकू शकते.

मराठीची सोय

लिनक्सवर मराठी दिसणे एके काळी कठीण होते. २००० नंतर मुंबईतून सुरू झालेल्या 'इंडलिनक्स' उपक्रमाने भारतीय भाषांतील भाषांतराच्या कामाला चालना दिली. २००४ मध्ये रेड हॅटने 'लोहित' टंक खुले केले. ते मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेकडून घेतलेले होते. रेड हॅटच्या पुण्यातील पथकानेही भारतीय भाषांवर बरेच काम केले. आज बहुतेक प्रमुख वितरणांत देवनागरी टंक असतात किंवा सहज बसवता येतात. इनस्क्रिप्ट कळफलक आणि उच्चारानुसारी टंकलेखन या दोन्ही पद्धती उपलब्ध आहेत.

खरी अडचण जुन्या मजकुराची आहे. श्रीलिपी, कृतीदेव यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेल्या फायली युनिकोडमध्ये नसतात. तो टंक नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या, की मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. ही चूक लिनक्सची नाही. नव्या विंडोज संगणकावरही तेच घडते. मुद्रणालये, पतसंस्था आणि शाळांनी प्रणाली बदलण्याआधी असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हिताचे ठरते. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार तपासणे आवश्यक असते.

वापरातून काय शिकता येते?

लिनक्स वापरणाऱ्याला काही काळाने संगणकाच्या आतले व्यवहार दिसू लागतात. पहिला धडा परवानग्यांचा. येथे प्रत्येक फाइलचा एक मालक असतो, एक गट असतो आणि मग उरलेले सर्व. या तिघांना वाचण्याची, बदलण्याची आणि चालवण्याची परवानगी स्वतंत्रपणे देता येते. न्यायालयाचेच उदाहरण घ्यायचे, तर निकालाचा मसुदा न्यायाधीश बदलू शकतात, त्यांचे लघुलेखक वाचू शकतात आणि बाहेरच्याला तो दिसतही नाही. हे तत्त्व एकदा समजले, की बँकेच्या खात्यापासून मोबाइलमधील ॲपपर्यंत 'कुणाला काय करू द्यायचे' हा विचार आपोआप होऊ लागतो.

दुसरा धडा आज्ञावली कुठून घ्यावी याचा. जॉर्ज टाउनच्या पूर्वेला राजाजी सलाई या मार्गावर बर्मा बाजार आहे. ब्रह्मदेशातून परतलेल्या निर्वासितांसाठी १९६९ मध्ये वसवलेला हा बाजार पुढे परदेशी वस्तूंसाठी आणि नकली सीडींसाठी प्रसिद्ध झाला. देशातील प्रत्येक मोठ्या शहरात असा एखादा बाजार होता आणि अनेकांचा पहिला संगणक अशाच सीडीवर चालला. त्या सीडीत आणखी काय दडले आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसे. लिनक्स वितरणाचे स्वतःचे भांडार असते. तेथील प्रत्येक आज्ञावलीवर वितरणाची डिजिटल मोहोर असते आणि बसवण्यापूर्वी संगणक ती तपासतो. डेबियन घराण्यात हे काम 'एपीटी' करते, फेडोरात 'डीएनएफ', सुसेत 'झिपर' आणि आर्चमध्ये 'पॅकमॅन'. एका आज्ञेत सर्व आज्ञावली अद्ययावत होतात.

उबुंटूने २००५ ते २०११ या काळात मागणी करणाऱ्याला मोफत सीडी टपालाने पाठवण्याची योजना चालवली होती. महाजालाची गती कमी असलेल्या त्या दिवसांत भारतातील अनेक विद्यार्थ्यांची लिनक्सशी पहिली ओळख त्या सीडींनी करून दिली. प्रत काढून मित्राला द्या, असे सांगणारी अधिकृत सीडी ही त्या काळी नवलाची गोष्ट होती.

तिसरा धडा चुकीचा संदेश वाचण्याचा. लिनक्समध्ये काही बिघडले, की त्याची नोंद यंत्रातील नोंदवहीत होते. नवखा वापरकर्ता संदेश न वाचताच खिडकी बंद करतो. सरावलेला तो शब्दशः उतरवून घेतो आणि मदतपुस्तिकेत शोधतो. 'मॅन' या आज्ञेने जवळपास प्रत्येक साधनाची माहिती संगणकावरच उघडते, त्यासाठी महाजालही लागत नाही. मात्र दुसऱ्याने सुचवलेली, विशेषतः 'सुडो' या शब्दाने सुरू होणारी आज्ञा अर्थ समजल्याशिवाय देऊ नये. त्या शब्दाने संगणकावरील सर्वाधिकार आज्ञेच्या हाती जातात.

या सर्व धड्यांना वेळ लागतो. दर आठवड्याला वितरण बदलणारा वापरकर्ता नवे रंग आणि नवी चित्रे पाहतो, पण प्रत्येक वेळी पहिल्या पायरीवरच राहतो. एकच वितरण सहा महिने किंवा वर्षभर वापरले, त्याची एखादी मोठी आवृत्ती बदलताना पाहिली, एकदा ते बिघडून स्वतः दुरुस्त केले, की ते खऱ्या अर्थाने आपले होते. त्यानंतर दुसरे वितरण पाहिले, तर काय वेगळे आहे आणि का, हे कळते.

आवडते वितरण कसे ठरते?

आवडते वितरण बहुधा असे वापरातूनच ठरते. एल्कॉटने मागे कंपनी असलेले वितरण निवडले, सी-डॅकने स्वयंसेवकांच्या पायावर शासकीय इमारत उभी केली आणि न्यायालयांनी वेळापत्रक पाळणारे वितरण घेऊन आपल्याच माणसांना शिक्षक केले. तिन्ही निवडींना आपापली कारणे होती. जेथे लिनक्स रोजच्या कामाशी जोडले गेले आणि शिकवणारे जवळ होते, तेथे ते रुजण्याची शक्यता वाढली.

जुन्या संगणकाच्या भवितव्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाला म्हणूनच फार शोधाशोध करण्याची गरज नाही. दीर्घ मुदतीचे एखादे वितरण पेन ड्राइव्हवर घ्यावे, एक दिवस त्यावर नेहमीची कामे करून पाहावीत, फायलींची प्रत काढावी आणि मगच ते बसवावे. देखभालीची मुदत संपण्याची तारीख त्याच दिवशी दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. पुढचा निर्णय तेव्हा घ्यावा लागेल आणि तोपर्यंत तो घेण्याइतके ज्ञान वापरातून आलेले असेल.